दक्षिण सुदानचा पौंड : नोट छापून झाली, करार मात्र राहून गेला

सुदान हा कागदोपत्री आजही एकच देश आहे. पण तिथल्या बाजारात चालणाऱ्या नोटा एक राहिलेल्या नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांच्यात युद्ध पेटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लष्कराच्या बाजूच्या सरकारने १००० पौंडांची नवी नोट काढली आणि ५०० व १००० च्या जुन्या नोटा बाद करायला घेतल्या. लुटालुटीमुळे उगम माहीत नसलेल्या नोटा बाजारात पसरल्या आहेत, असे कारण देण्यात आले. बदलून देण्याची सोय मात्र लष्कराच्या ताब्यातल्या राज्यांपुरतीच होती. आरएसएफने आपल्या भागात नव्या नोटांना बंदी घातली. म्हणजे दारफुरमधल्या एखाद्या मेंढपाळाच्या कनवटीची नोट त्याच्या गावात चालते, पण पोर्ट सुदानला पोहोचली की ती रद्दी.

नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याकडे नोटाबंदीच्या रांगेत जे उभे राहिले, त्यांना या हालांची थोडी कल्पना येईल. पण आपल्या रांगेच्या टोकाला निदान एक बँक होती, आणि जुनी नोट घेणारा व नवी देणारा एकच देश होता. सुदानी माणसाला तेवढाही आधार नाही.

या बातम्या वाचताना जुलै २०११ ची आठवण होणे साहजिक आहे. त्या महिन्यात याच भूमीचे दोन देश झाले आणि काही दिवसांच्या अंतराने दोन नवी चलने बाजारात आली. नवा देश जन्माला आला की झेंडा, राष्ट्रगीत आणि नोट या तीन गोष्टींची घाई होते. झेंडा आणि राष्ट्रगीत कुणाच्या पोटावर पाय देत नाहीत. नोटेचे तसे नाही. दक्षिण सुदानने आपले चलन कसे निवडले, त्याला दुसरे कोणते पर्याय होते आणि त्या निवडीची किंमत कुणी मोजली, हे समजून घेतले तर आजच्या सुदानचे दुखणेही अधिक नीट कळते.

एक चलन, दोन बँकपद्धती

आपल्याकडे दक्षिण सुदानचा विषय निघाला की चर्चा बहुतेक ‘मुस्लिम उत्तर आणि ख्रिस्ती दक्षिण’ एवढ्यावर येऊन थांबते. कुणी त्यात बाहेरच्या शक्तींचा डाव पाहतो, कुणी खार्तूमच्या जुलमाचा हिशेब मांडतो. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे बरेच आहे. पण पैशाच्या अंगाने ही गोष्ट कुणी फारशी सांगत नाही.

१९९२ मध्ये खार्तूमच्या सरकारने जुन्या पौंडाच्या जागी दिनार आणला. दहा पौंडांचा एक दिनार. नाव इस्लामी इतिहासातले, त्यामुळे सरकारसमर्थकांना त्याचा अभिमान वाटला. दक्षिणेतल्या बंडखोरांना मात्र ती आपल्यावर लादलेली ओळख वाटली. त्यांच्या ताब्यातल्या भागात जुने पौंड, युगांडा आणि केनियाचे शिलिंग, इथिओपियाचा बिर्र असे जे हाताला लागेल ते चालत राहिले. पण हकीकत अशी की नाव बदलल्याने पैशाची घसरण थांबली नाही. १९९६ मध्ये सुदानची महागाई वर्षाला १०० टक्क्यांच्या पुढे गेली. युद्धाचा खर्च नोटा छापून भागवला जात असेल तर नोटेवर दिनार लिहा नाहीतर पौंड, भाकरी महागच होणार.

जानेवारी २००५ च्या शांतता करारात या प्रश्नाचा विचार झाला होता, हे विशेष. करारानुसार उत्तरेत इस्लामी बँकिंग आणि दक्षिणेत प्रचलित व्याजाधारित बँकिंग अशा दोन पद्धती एकाच देशात चालणार होत्या. दक्षिणेची बँक ऑफ सदर्न सुदान ही सुदानच्या मध्यवर्ती बँकेची शाखा ठरली. देशाची सांस्कृतिक विविधता दाखवणारे नवे चलन काढायचे असेही ठरले आणि जानेवारी २००७ मध्ये दिनार जाऊन नवा सुदानी पौंड आला. १०० दिनारांचा एक पौंड. दोन बाजूंनी बसून ठरवलेले हे चलन पुढची चार वर्षे दोन्हीकडे चालले. श्रद्धा वेगळ्या आहेत, बँका चालवण्याची रीत वेगळी आहे, म्हणून चलन एक राहूच शकत नाही, असे काही तिथे दिसले नाही.

जुलै २०११ : नोटांची शर्यत

जानेवारी २०११ मध्ये सार्वमत झाले. जवळपास ९९ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. ९ जुलैला दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. जानेवारी ते जुलै या सहा महिन्यांत सीमा, तेल, कर्ज, नागरिकत्व अशा असंख्य गोष्टींवर बोलणी चालू होती. आफ्रिकी संघाच्या वतीने दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी मध्यस्थी करत होते. चलनाचा प्रश्न त्यातलाच एक. पण स्वातंत्र्याचा दिवस उजाडला तरी जुन्या नोटांचे काय करायचे, यावर दोघांचे एकमत झालेले नव्हते.

परदेशात छापलेल्या नोटा विमानाने जुबात उतरल्या. १८ जुलैला दक्षिण सुदानी पौंड बाजारात आला. त्यावर जॉन गरांग यांचा चेहरा. दक्षिणेच्या लढ्याचे हे नेते शांतता करारानंतर अवघ्या सहा महिन्यांत, जुलै २००५ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले होते. लोकांनी नोटा हातात घेऊन फोटो काढले. एका जुन्या पौंडाला एक नवा पौंड, असा सोपा हिशेब होता.

इकडे जुलै संपायच्या आत खार्तूमनेही आपल्या नव्या नोटा काढल्या आणि जुन्या बाद करायला घेतल्या. दक्षिणेत गोळा झालेल्या जुन्या नोटा परत घ्यायला त्याने नकार दिला. जुबाच्या नेत्यांनी याला आर्थिक युद्ध म्हटले.

खार्तूमची बाजूही समजून घ्यायला हवी. दक्षिणेत जमा झालेला जुन्या नोटांचा ढीग उद्या सीमा ओलांडून उत्तरेच्या बाजारात ओतला गेला तर तिथे महागाई भडकणार, ही भीती खोटी नव्हती. जुबाची अडचणही खरी होती. आपल्या लोकांकडून जुनी नोट घेऊन नवी दिली, म्हणजे त्या जुन्या नोटेची किंमत जुबाने चुकती केली. पण ती जुनी नोट हे मुळात खार्तूमच्या मध्यवर्ती बँकेचे देणे होते. देणेकऱ्याने हात वर केले. नव्या देशाच्या तिजोरीत कागदाचा ढीग राहिला आणि नव्या चलनामागे जे सोने किंवा डॉलर यायला हवे होते, ते आलेच नाही.

म्हणजे काय, तर नोट ही छापखान्यात तयार होत नाही, करारात तयार होते. एक करार जुन्या देशाशी : जुन्या नोटांची जिम्मेदारी कुणाची? दुसरा करार आपल्याच लोकांशी : सरकारला पैसे कमी पडले की आम्ही छापत सुटणार नाही. २०११ मध्ये पहिला करार झाला नाही. दुसरा टिकला नाही.

आपला १९४७ चा हिशेब

दोघांत वैर असताना असा करार होणार तरी कसा, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. फाळणीइतके रक्त सांडलेली वाटणी विसाव्या शतकात क्वचितच झाली असेल. तरीही चलनाची वाटणी त्या दिवसांत बसून, लिहून, तारखा ठरवून झाली.

१५ ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तानकडे ना मध्यवर्ती बँक होती ना नोटा छापायचा कारखाना. म्हणून काही काळ भारताची रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक राहील, असे ठरले. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आपल्या रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. एक मराठी माणूस जवळपास वर्षभर दोन देशांच्या नोटांचा कारभार सांभाळत होता, हे आज किती जणांना माहीत असेल? १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात ज्या नोटा आल्या त्या आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यातल्या भारतीय नोटाच होत्या. त्यांवर इंग्रजीत आणि उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ असे जादा छापलेले होते, एवढाच फरक. पाकिस्तानातून परत आलेल्या भारतीय नोटांच्या प्रमाणात रिझर्व्ह बँकेची मालमत्ता तिकडे द्यायची, असा हिशेब ठरला होता. १ जुलै १९४८ रोजी कराचीत जिना यांच्या हस्ते स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे उद्घाटन झाले.

हे सगळे गुण्यागोविंदाने झाले, असे मात्र नाही. रोख शिलकीच्या वाटणीत पाकिस्तानच्या वाट्याला ७५ कोटी रुपये आले. त्यातले २० कोटी आधी दिले गेले, उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या लढाईमुळे भारत सरकारने अडवून धरले. जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींचे उपोषण सुरू असताना ती रक्कम देण्याचा निर्णय झाला. या तणावातच पाकिस्तानने रिझर्व्ह बँकेपासून वेगळे व्हायची तारीख सप्टेंबरअखेरवरून जूनअखेरवर आणली. मालमत्तेच्या काही रकमांवरचा वाद तर अजून मिटलेला नाही. पाकिस्तानच्या स्टेट बँकेच्या ताळेबंदात भारताच्या रिझर्व्ह बँकेकडे असलेल्या मालमत्तेची नोंद आजही दिसते. पण या भांडणात लाहोरच्या किंवा ढाक्याच्या सामान्य माणसाच्या हातातली नोट एका रात्रीत रद्दी झाली नाही. भांडण सरकारांचे होते, ते सरकारांतच राहिले.

आपल्या मराठवाड्यातही असेच एक उदाहरण आहे. निजामाच्या राज्याचा स्वतःचा रुपया होता, हाली शिक्का. भारताचा रुपया तो कलदार. सहा कलदारांना सात हाली, असा दर. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. त्या काळात काय काय घडले ते आपल्या घराघरांत सांगितले जाते, त्या जखमा वेगळ्या. पण हाली शिक्का लगेच बाद केला गेला नाही. तो पुढची काही वर्षे कलदारबरोबर चालू राहिला आणि हळूहळू मागे घेतला गेला. राज्य गेले तरी लोकांच्या गाठीचा पैसा बुडाला नाही.

युरोपातले चेकोस्लोव्हाकियाचे उदाहरणही बोलके आहे. १ जानेवारी १९९३ ला शांततेत दोन देश झाले. निदान सहा महिने जुने चलन दोन्हीकडे ठेवायचे ठरले होते. प्रत्यक्षात सव्वा महिन्यातच, ८ फेब्रुवारीला चलने वेगळी करावी लागली, कारण स्लोव्हाकियातला पैसा भराभर चेक बाजूला पळू लागला. पण दोघांनी तयारी आधीच करून ठेवली होती. जुन्या नोटांवर तिकिटे चिकटवली, सीमेवर थोडे दिवस बंदोबस्त ठेवला आणि काम उरकले. वेगळे होणे वाईट नाही. न सांगता, न ठरवता वेगळे होणे वाईट.

दुसरे पर्याय कोणते होते?

नव्या देशापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली, जुन्या देशाचेच चलन काही काळ चालू ठेवणे. दुसरी, तिसऱ्याच कुणाचे मजबूत चलन उचलणे. तिसरी, स्वतःचे चलन काढणे.

दुसऱ्या वाटेने गेलेले देश आहेत. इंडोनेशियाच्या ताब्यातून सुटलेल्या पूर्व तिमोरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने २००० मध्ये अमेरिकी डॉलर आणला. २००२ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावरही तो देश डॉलरवरच राहिला. स्वतःची म्हणून फक्त नाणी काढली. पुढे तेल-वायूचे पैसे २००५ मध्ये एका वेगळ्या निधीत टाकायची व्यवस्था केली. सरकारला छापखानाच नाही, त्यामुळे तूट भरायला नोटा छापायचा मोहही नाही.

मुस्लिमबहुल कोसोव्होची वाट अशीच. १९९९ मध्ये तिथे जर्मन मार्क आला, २००२ पासून युरो. २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर करताना त्यांच्यापुढे चलनाचा वेगळा प्रश्नच उरला नव्हता. पण या वाटेलाही काटे आहेत. कोसोव्हो युरोपीय संघाचा सदस्य नाही. युरोचे व्याजदर ठरतात त्या टेबलाशी त्याला खुर्ची नाही. आणि जुन्या देशाचे चलन तिथेही पूर्ण सुटलेले नव्हते. उत्तरेतल्या सर्ब वस्तीत पगार आणि पेन्शन सर्बियाकडून दिनारमध्ये येत असे. १ फेब्रुवारी २०२४ पासून कोसोव्होने व्यवहारात दिनारला मनाई केली आणि त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या पेन्शनरांपुढे रोजच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला. कायद्याने कोसोव्होचे म्हणणे बरोबर असेलही. पण अल्पसंख्याकांना पुरेसा अवधी न देता चलन बदलले की काय होते, हे आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाला वेगळे सांगायची गरज नाही.

दक्षिण सुदानला डॉलर किंवा केनियाचा शिलिंग घेता आला असता का? व्यापाराच्या दृष्टीने ते अशक्य नव्हते. जुबाच्या बाजारातला बराचसा माल युगांडा आणि केनियातूनच येत होता. पण पन्नास वर्षे लढून मिळवलेल्या देशाच्या पहिल्या नोटेवर दुसऱ्याचा राष्ट्राध्यक्ष, हे लोकांच्या गळी उतरणे कठीण. शिवाय तेलाचे डॉलर येतच होते. जुन्या सुदानच्या तेलापैकी सुमारे तीन चतुर्थांश तेल दक्षिणेच्या वाट्याला आले होते. तेव्हा स्वतःचे चलन काढले यात नवल नाही. ते चूकच होते, असेही आम्ही म्हणणार नाही. बांगलादेशने मार्च १९७२ मध्ये, युद्धाची राख गरम असतानाच आपला टका काढला. त्याच्या पहिल्या नोटा भारतात छापल्या गेल्या होत्या. सुरुवातीची वर्षे फार हालाची गेली, पण टका टिकला. म्हणजे गरीब देशाने स्वतःचे चलन काढूच नये, असा नियम नाही. प्रश्न पुढे ते कसे चालवले याचा आहे.

एक पाइपलाइन आणि एक खोटा दर

दक्षिण सुदानच्या सरकारी उत्पन्नातला ९८ टक्के वाटा तेलाचा होता. हे तेल बाहेर न्यायला एकच मार्ग : उत्तरेतून पोर्ट सुदानपर्यंत जाणारी पाइपलाइन. या तेलात आपल्या ओएनजीसी विदेशचीही भागीदारी होती. पाइपलाइनचे भाडे किती, हेही जुलै २०११ पूर्वी ठरले नव्हते. खार्तूम एका पिंपामागे सुमारे ३६ डॉलर मागत होते, जुबा एक डॉलरही द्यायला तयार नव्हते. खार्तूमने काही तेल परस्पर ठेवून घेतले. जानेवारी २०१२ मध्ये जुबाने रागाच्या भरात उत्पादनच बंद केले. रोजचे साडेतीन लाख पिंपांचे उत्पादन थांबले. सप्टेंबर २०१२ मध्ये अदिस अबाबात तडजोड झाली, पण तेल पुन्हा वाहायला एप्रिल २०१३ उजाडला. स्वतःच्या उत्पन्नाचा नळ स्वतःच्या हाताने बंद करणारा देश, आणि त्याचे चलन जेमतेम सहा महिन्यांचे! मे २०१२ मध्ये महागाई ८० टक्क्यांच्या जवळ गेली.

त्यात भर पडली खोट्या दराची. सरकारने एका डॉलरला सुमारे तीन पौंड असा दर धरून ठेवला. बाजारात डॉलर महाग होत गेला, सरकारी दर मात्र हलला नाही. वरवर पाहता हे गरिबांच्या भल्याचे वाटते. दर स्थिर, म्हणजे बाहेरून येणारे धान्य, औषधे स्वस्त. पण सरकारी दराने डॉलर मिळणार कुणाला? ज्याच्याकडे परवाना, ज्याची वर ओळख, त्याला. साधा हिशेब मांडू या. २०१५ च्या अखेरीस बाजारात डॉलरचा दर पंधरा पौंडांच्या पुढे गेला होता. ज्याला सरकारी दराने हजार डॉलर मिळाले त्याने तीन हजार पौंड मोजले. तेच डॉलर गल्लीत विकले की पंधरा हजारांच्या वर. ना दुकान टाकायला नको, ना माल आणायला नको. औषधांच्या आयातीच्या नावाने काढलेल्या लेटर ऑफ क्रेडिटमधला पैसा भलतीकडेच गेल्याची प्रकरणे पुढे गाजली ती यामुळेच.

नोव्हेंबर २०१३ मध्ये मध्यवर्ती बँकेने दर साडेचार पौंडांवर आणायचा प्रयत्न केला होता. संसदेत गदारोळ झाला आणि काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. महिनाभरात, डिसेंबर २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक मशार यांच्या गटांत यादवी सुरू झाली. तेलाचे उत्पादन घटले, जगात तेलाचे भावही पडले, युद्धाचा खर्च वाढला. तूट भरायला मध्यवर्ती बँकेचा दरवाजा उघडाच होता. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये दर सोडून द्यावा लागला, तेव्हा एका दिवसात डॉलर तीन पौंडांवरून साडेअठरा पौंडांवर गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये वार्षिक महागाई ८३५ टक्क्यांवर पोहोचली.

८३५ टक्के हा आकडा कागदावर कळत नाही. गेल्या वर्षी शंभर पौंडांना येणारे पीठ यंदा नऊशेच्या वर, आणि शिक्षकाचा पगार तिथेच. ज्यांच्याकडे गुरे होती, डॉलर होते, कंपालात घर होते ते तरले. ज्यांनी गरांग यांच्या चित्राच्या नोटांवर विश्वास ठेवून त्या घरात जपून ठेवल्या, ते बुडाले. देशावर सर्वांत जास्त भरवसा टाकणाऱ्या माणसालाच सर्वांत मोठी शिक्षा मिळाली.

उत्तरेचेही काही भले झाले नाही. तीन चतुर्थांश तेल गेल्यावर सुदानी पौंडही घसरत गेला. इंधनावरची सबसिडी काढली म्हणून सप्टेंबर २०१३ मध्ये खार्तूमच्या रस्त्यांवर आंदोलने झाली आणि त्यात माणसे मारली गेली. एकमेकांना नमवायला निघालेली दोन सरकारे, आणि भाकरीच्या रांगेत दोन्हीकडचे गरीब. त्या रांगेत मुसलमान कोण आणि ख्रिस्ती कोण, हे महागाईने विचारले नाही.

आजची परिस्थिती

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानच्या युद्धात पाइपलाइन फुटली आणि दक्षिण सुदानचे उत्पन्न पुन्हा आटले. सरकारी नोकरांचे पगार महिनोन्‌महिने थकले. २०२५ पर्यंत एका डॉलरला चार हजारांहून अधिक दक्षिण सुदानी पौंड मोजावे लागत होते. २०११ मध्ये तीन, आता चार हजार. ज्या देशात सुरुवातीला १०० ची नोट सर्वांत मोठी होती, तिथे पुढे ५०० ची आणि मग १००० ची काढावी लागली. २०१६ मध्ये दक्षिण सुदान पूर्व आफ्रिकी समुदायात सामील झाला. त्या देशांचे मिळून एक चलन करायची योजना आहे, पण तिची मुदत आता २०३१ वर गेली आहे. तोवर ज्याला जमते तो डॉलरमध्ये हिशेब ठेवतो. म्हणजे जो पर्याय सरकारने २०११ मध्ये अभिमानापोटी नाकारला, तो लोकांनी स्वतःच उचलला आहे. फरक एवढाच की देशाने ठरवून डॉलर घेतला असता तर शिक्षकाचा आणि परिचारिकेचा पगारही डॉलरमध्ये झाला असता. आता डॉलर श्रीमंताकडे आणि पौंड गरिबाकडे, अशी वाटणी झाली आहे.

आणि उत्तरेत काय चालले आहे? २०११ मध्ये खार्तूमने दक्षिणेच्या नोटा नाकारल्या, तेव्हा निदान समोर दुसरा देश होता. २०२४ मध्ये नोटा बदलताना दारफुर आणि कोर्दोफानचा मोठा भाग बाहेर राहिला, तो त्यांचाच देश आहे. आरएसएफच्या बाजूने २०२५ मध्ये समांतर सरकारही जाहीर झाले. आज दोन नोटा आहेत. उद्या दोन बँका झाल्या तर परवा दोन देश व्हायला फार वेळ लागणार नाही. नकाशावर रेघ ओढण्याआधीच बाजारात ती ओढली गेली आहे. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आहे म्हणून अनेक कुटुंबे कशीबशी तग धरून आहेत. जिथे नेटवर्क बंद, तिथे तीही वाट बंद.

सुदानमध्ये मध्यस्थी करणाऱ्यांच्या यादीत शस्त्रसंधी, मदतीचे ट्रक, कैद्यांची सुटका हे विषय असतात आणि असायलाच हवेत. त्याच यादीत नोटांचा विषयही पहिल्या पानावर यायला हवा, असे आम्हाला वाटते. दोन्ही बाजूंच्या ताब्यातल्या लोकांना जुन्या नोटा बदलून मिळतील, त्यासाठी पुरेसा अवधी मिळेल आणि त्या काळात बँकांच्या शाखांना कुणी हात लावणार नाही, एवढे तरी ठरावे. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू असताना नाशिकच्या छापखान्यात पाकिस्तानच्या नोटा छापल्या जात होत्या. शत्रूशीसुद्धा हिशेब चोख ठेवता येतो, हे आपल्या उपखंडाने करून दाखवले आहे. नोट ही लोकांनी सरकारकडे ठेवलेली अमानत आहे. सरकार बदलले, देश बदलला, तरी अमानत परत करायची जबाबदारी कुणावर तरी राहतेच. सुदानच्या वाटाघाटींत ती कुणी घ्यायची, हे आधी लिहून घेतले पाहिजे. २०११ मध्ये ते राहून गेले होते.